औषध पोचले, मूल पुढे गेले

थेरगाव, काळेवाडी, भोसरी, चाकण या पट्ट्यातील शाळांमध्ये शिकवणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. हजेरीपटात वर्षाच्या मध्येच नवी नावे येतात आणि वर्षाच्या मध्येच काही नावांपुढे रेघ ओढली जाते. ही बिगाऱ्यांची, सेंट्रिंगवाल्यांची, वीटभट्टीवरच्या आणि कंत्राटी कामगारांची मुले. काम संपले की बिऱ्हाड हलते. शाळेच्या भाषेत असे मूल 'सतत गैरहजर' असते. दवाखान्याच्या नोंदवहीत त्यालाच 'पाठपुराव्यातून निसटलेला रुग्ण' म्हणतात. एच.आय.व्ही.बाधित मुलांवरील उपचारांचा इतिहास या दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचला, तरच नीट कळतो असे आम्हाला वाटते.

औषधांच्या इतिहासात हा पट्टा नवखा नाही. युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. महागडे पेनिसिलिन देशातच बनवून स्वस्त करावे, हा तिचा हेतू. औषध स्वस्त झाल्याखेरीज ते गरिबाच्या मुलापर्यंत पोचत नाही, हा धडा पुढे एच.आय.व्ही.च्या बाबतीत पुन्हा गिरवावा लागला.

भारतात या विषाणूचा संसर्ग प्रथम १९८६ साली मद्रास येथे आढळला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांची तपासणी वेल्लोरला झाली होती. त्यानंतर सहा वर्षांनी, १९९२ मध्ये, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. ती थेरगावपासून दहा-बारा किलोमीटरवर, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत. 'नारी' या आद्याक्षरी नावाने ती पुढे तीन दशके ओळखली गेली.

या संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला एक निबंध मुद्दाम सांगायला हवा. पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित निघाल्या, आणि त्यांतील बहुतेकींचा संबंध फक्त पतीशीच आलेला होता. हा आकडा दवाखान्यात आलेल्या स्त्रियांचा आहे, सर्वसाधारण लोकसंख्येचा नाही, हे विसरू नये. पण 'हा रोग आपल्या घरातला नव्हे' या समजाला त्याने तडा दिला. संसर्ग घरातील पत्नीपर्यंत पोचला होता, म्हणजे तो मुलापर्यंतही पोचणार होता.

मातेकडून बालकाकडे विषाणू तीन वेळा जाऊ शकतो: गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी आणि स्तनपानातून. काहीच उपाय केला नाही तर बाधित मातांच्या शंभर बालकांपैकी सुमारे १५ ते ४५ बालकांना बाधा होते. म्हणजे उपचाराविनाही निम्म्याहून अधिक मुले सुटतात. पण सुटले कोण आणि सापडले कोण, हे जन्मतःच कळत नाही. आपण वापरतो ती साधी चाचणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते. मातेची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात आलेली असतात आणि ती दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. त्यामुळे पूर्ण निरोगी बाळाची चाचणीही होकारार्थी येते. नेमके निदान करायचे तर प्रतिपिंडे सोडून खुद्द विषाणूचे जनुकद्रव्य शोधावे लागते. टाचेतून काढलेल्या रक्ताचे थेंब कागदावर वाळवून ते प्रयोगशाळेत पाठवण्याची पद्धत भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१० साली आली. तोवर गरिबाघरच्या बाळाला दीड वर्ष थांबावे लागे.

या दीड वर्षाची किंमत मोठी होती. आफ्रिकेतील अभ्यासांवरून दिसते, की उपचार न मिळालेल्या बाधित बालकांपैकी जवळजवळ निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात. दक्षिण आफ्रिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आजारपणाची वाट न पाहता तान्हेपणीच औषध सुरू केल्यास अर्भकांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात आढळले.

आता थोडे मागे जाऊ. १९९४ साली अमेरिका व फ्रान्समधील एका चाचणीने दाखवून दिले, की मातेला गरोदरपणी व प्रसूतीच्या वेळी आणि बाळाला जन्मानंतर सहा आठवडे झिडोव्हुडीन दिले तर संसर्ग २५.५ वरून ८.३ टक्क्यांवर येतो. १९९९ मध्ये युगांडातून आणखी सोपा उपाय आला: प्रसूतिवेदना सुरू होताच मातेला नेव्हिरॅपीनची एकच गोळी आणि बाळाला एकच मात्रा. गरीब देशांनी तो उचलून धरला. ही एक मात्रा वाढवून सहा आठवडे दिली तर काय होते, याची चाचणी इथिओपिया, युगांडा आणि पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून केली. सहाव्या आठवड्याला संसर्गाचे प्रमाण ५.३ ऐवजी २.५ टक्के दिसले. सहाव्या महिन्यापर्यंत मात्र हा फरक बराच बुजला, कारण स्तनपान चालू होते आणि औषध थांबले होते. ससून रुग्णालयात आलेल्या मातांचा या माहितीत मोठा वाटा आहे.

या यशाची एक उलटी बाजू आहे आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. श्रीमंत देशांत बाधित बालके जन्मायचीच जवळपास थांबली, तेव्हा मुलांच्या औषधांना तिथे गिऱ्हाईक उरले नाही. मुले आजारी होती ती आफ्रिकेत आणि भारतात. प्रौढांसाठी तीन औषधांची एकत्रित योजना १९९६ मध्ये यशस्वी ठरली होती, पण तिचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये तीच योजना वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. हे शक्य झाले ते १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे. तो कायदा औषधाच्या कृतीवर हक्क देई, खुद्द औषधावर नव्हे. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रात पहिला मान मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा होता.

मुलांची पाळी आली ती ३० नोव्हेंबर २००६ रोजी, बालकांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला तेव्हा. मधल्या काळात मुलांचे काय झाले? मोठ्यांच्या गोळ्या मोडून दिल्या गेल्या. गोळीचे दोन तुकडे केले की औषध निम्मे होते, असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे आहे. तीन औषधांच्या एकत्रित गोळीत त्यांचे प्रमाण मोठ्यांच्या शरीराला धरून ठरलेले असते. मुलांचे शरीर नेव्हिरॅपीन लवकर बाहेर टाकते, त्यामुळे वजनाच्या मानाने त्यांना ते जास्त लागते. अर्ध्या गोळीतून नेमके तेच कमी पडे. शिवाय मूल वाढत असते. डोस वजनावर ठरतो, आणि वजन करायला मूल समोर असावे लागते. सहा महिने दवाखान्यात न आलेले मूल गोळ्या रोज घेत असले, तरी लहानपणीचाच डोस घेत राहते.

आता स्थलांतराचा आणि औषधाचा संबंध पाहू. तो केवळ 'गोळ्या चुकल्या' एवढा नाही. समजा, थेरगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका कुटुंबातील मूल पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातून औषध घेते आहे. बापाचे काम संपले. कुटुंब गावी गेले, तिथून दुसऱ्या जिल्ह्यातील साइटवर. बदलीचा कागद घ्यायचा राहून गेला आणि गोळ्या संपल्या. तिन्ही औषधे एकाच दिवशी बंद झाली. पण ती शरीरातून एकाच दिवशी जात नाहीत. लॅमिव्हुडीनसारखे औषध दोन-तीन दिवसांत नाहीसे होते. नेव्हिरॅपीन किंवा इफॅव्हिरेन्झ मात्र आठवडाभर, कधी त्याहूनही अधिक काळ रेंगाळते. त्या दिवसांत विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि त्याच्यासमोर तिघांऐवजी एकच पहारेकरी असतो. नेव्हिरॅपीनला चकवायला विषाणूच्या जनुकात एक बदल पुरतो. असा विषाणू तगतो, त्याचीच प्रजा वाढते. महिनाभराने मूल नव्या दवाखान्यात पोचते, जुनीच औषधे पुन्हा सुरू होतात, आणि आता ती लागू पडत नाहीत. बाप बेजबाबदार नव्हता. मुकादमाची उचल फेडायची होती. पण विषाणूला उचलीचे गणित कळत नाही.

म्हणून या मुलांच्या उपचारांचा निकाल औषधाच्या गुणाइतकाच कागदावर, बसच्या भाड्यावर आणि बुडणाऱ्या मजुरीवर ठरत आला आहे. मुख्य केंद्रांना जोडलेली छोटी केंद्रे पुढे तालुक्यांपर्यंत गेली, त्याने काही अंतर कमी झाले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हजारो मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची आणि रुग्ण अडकला असेल तिथल्या जवळच्या केंद्रातून औषध देण्याची सूचना निघाली. फिरत्या कुटुंबांची ही गरज जुनीच होती. ती मान्य व्हायला सगळा देश थांबावा लागला.

औषधही सुधारले. डोल्युटेग्राव्हीर या नव्या औषधाला चकवणे विषाणूला पुष्कळच अवघड जाते. त्यामुळे मध्ये खंड पडण्याचा धोका पूर्वीइतका उरत नाही, संपत मात्र नाही. लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणारी त्याची स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी २०२० साली आली. मुंबईची मॅक्लिऑड्स ही ती बनवणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी एक. चवीला हसू नये. त्याआधी मुलांना द्यावे लागणारे लोपिनाव्हीरचे सिरप इतके कडू होते, की ते ओकून टाकणे हेच अनेक मुलांचे उत्तर असे. त्यात सुमारे ४० टक्के अल्कोहोल होते आणि ते थंड जागी ठेवावे लागे. पत्र्याच्या खोलीत फ्रीज कुठून येणार?

राहता राहिली शाळा. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातील हासेगाव येथे २००९ साली 'सेवालय' या वसतिगृहातील बाधित मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावातील पालकांनी आपलीच मुले शाळेतून काढून घेतली. एका बाकावर बसून, एका डब्यात जेवून, एका नळाचे पाणी पिऊन हा संसर्ग होत नाही, हे तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ माहीत होते. अशा प्रसंगांची बातमी दूरवर जाते. मग आईबाप मुलाच्या गोळ्या लपवतात, आणि सकाळची गोळी शाळेच्या वेळेत येत असेल तर ती चुकते.

एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. बाधित असल्यामुळे प्रवेश नाकारता येत नाही, आणि संमतीवाचून कोणाची बाधा उघड करता येत नाही. त्याच कायद्यात शिक्षकांच्या फारशी नजरेत न आलेली एक तरतूद आहे. बाधित कुटुंबाचा कारभार सांभाळण्याइतका समजूतदार असलेला, बारा वर्षे पूर्ण केलेला पण अठराच्या आतला मुलगा किंवा मुलगी आपल्या धाकट्या भावंडाचे पालक होऊ शकते: शाळाप्रवेशासाठी, औषधोपचारासाठी, बँकेत खाते उघडण्यासाठी. म्हणजे प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून सातवीतल्या बहिणीची सही आली, तर ती सही कायद्याने ग्राह्य असू शकते.