दातेरी कडा : खेळांतील एका सेटिंगचा इतिहास (थ्रेड)

१/ पीसीवरील कोणत्याही खेळाचे ग्राफिक्स सेटिंग उघडा. ‘अँटी-अलायझिंग’पुढे एमएसएए, एफएक्सएए, टीएए अशी आद्याक्षरे दिसतील. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती उत्खननातील थरांसारखी वाटतात.

२/ आलेखवहीत चौकोन रंगवून तिरकी रेघ काढा, पायऱ्याच उमटतात. पडद्यावरील पिक्सेलांचेही तसेच. १९७७ साली फ्रँकलिन क्रो यांनी या दोषाचे मूळ मांडले : तपशिलाच्या मानाने नमुने विरळ पडतात. पिक्सेलच्या सबंध क्षेत्राची सरासरी काढणे हा उपाय. अडचण होती ती गणनेच्या खर्चाची.

३/ २००० साली थ्रीडीएफएक्सच्या ‘व्हूडू ५ ५५००’ कार्डाने हा खर्च थेट खेळाडूवर टाकला. १०२४ × ७६८ चे चित्र म्हणजे ७,८६,४३२ पिक्सेल. चौपट सुपरसॅम्पलिंग केले की प्रत्येक चौकटीला ३१,४५,७२८ नमुने! कडा गुळगुळीत होत, पण वेग कोसळे. त्याच डिसेंबरात कंपनीने आपली मालमत्ता प्रतिस्पर्धी एनव्हिडियाला विकण्याचे जाहीर केले. (या अस्ताचे खापर एका सेटिंगवर फोडू नये, कारणे अनेक होती.)

४/ एमएसएए अधिक काटकसरी. रंगाची गणना पिक्सेलमागे बहुधा एकदाच, अनेक नमुने फक्त कडांसाठी. मात्र जाळीचे कुंपण किंवा झाडाची पाने दातेरीच राहत, कारण त्यांची कड आकारात नसून वर चिकटवलेल्या चित्रात असते.

५/ पुढे डिफर्ड रेंडरिंग रूढ झाले आणि एमएसएए स्मृतीला जड पडू लागले. मग तयार चित्रावरच हात फिरवण्याची युक्ती आली : २००९ मध्ये इंटेलच्या अलेक्झांडर रेशेतॉव्ह यांचे एमएलएए, पाठोपाठ एनव्हिडियाच्या टिमोथी लॉट्स यांचे एफएक्सएए. अत्यंत स्वस्त, पण कडांबरोबर बारीक नक्षीही पुसट करणारे.

६/ टीएए मागील चौकटींतील नमुने पुन्हा वापरते. २०१४ च्या सिग्राफमध्ये एपिकच्या ब्रायन कॅरिस यांनी अनरिअल इंजिन ४ मधील त्याची रीत मांडली. कुंपणाची लुकलुक शमली; बदल्यात हलत्या वस्तूंमागे भुताटकीसारखी शेपटी आली. आज अनेक खेळांतील केस नि सावल्या टीएए गृहीत धरूनच रचलेल्या असतात. ते बंद केले की खरखरीत ठिपके दिसतात. खेळाडूची निवड इथे नावापुरतीच उरते, हे मला खटकते.

७/ जुन्या खेळात चौपट एमएसएए आधी लावून पाहावे. कार्ड दमले तर एफएक्सएए. नव्यात टीएए आणि थोडे शार्पनिंग. पारख करताना तारेच्या कुंपणासमोर उभे राहून कॅमेरा सावकाश फिरवा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. टीएएची शेपटी हालचालीतच दिसते.