संगणकासमोरची सुरक्षितता
आय.टी. कार्यालयांतील आरोग्य, अग्निसुरक्षा आणि आपत्कालीन व्यवस्था

कारखाना म्हटला की धडधडणारी यंत्रे, तापलेल्या भट्ट्या आणि त्यांच्याबरोबर येणारे अपघात डोळ्यांसमोर उभे राहतात. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कार्यालय म्हटले की मात्र वातानुकूलित दालने, काचेच्या भिंती आणि संगणकासमोर बसलेली तरुण मंडळी आठवतात. अशा ठिकाणी कोणाच्या जिवाला धोका संभवत असेल, हे सहसा मनात येत नाही. कायद्यानेही दीर्घकाळ हाच भेद मानला. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात केवळ संगणक बसवले म्हणून एखादी जागा कारखाना ठरत नाही, असा खुलासा जोडण्यात आला. या कचेऱ्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या कक्षेत राहिल्या. प्रत्यक्षात धोके तेथेही आहेत. त्यांचे स्वरूप तेवढे निराळे आहे. काही धोके क्षणात ओढवतात, तर काही वर्षानुवर्षे शरीरात साचत जातात.

धूर आणि बंद दरवाजे

बंगळूरच्या ओल्ड एअरपोर्ट रोडवरील कार्लटन टॉवर्स या कार्यालयीन इमारतीला २३ फेब्रुवारी २०१० रोजी आग लागली आणि नऊ जणांना प्राण गमवावे लागले. आग विजेच्या तारा नेणाऱ्या उभ्या पोकळीत लागली होती. ज्वाळांपेक्षा धूरच घातक ठरला. तो पोकळीतून वरच्या मजल्यांवर पसरला, जिन्यांकडे जाणे अवघड झाले आणि श्वास घेणे अशक्य झाल्यावर काहींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे नसल्याच्या तक्रारी दुर्घटनेनंतर पुढे आल्या.

आय.टी. कार्यालयांना या घटनेतून घेण्यासारखा धडा मोठा आहे, कारण दरवाजे बंद ठेवणे हा या व्यवसायाचा स्वभावच आहे. ग्राहकाची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक विभागाला ओळखपत्राने उघडणारे दार असते. एरवी हीच दारे माहितीचे रक्षण करतात; आग लागली की तीच माणसांची वाट अडवू शकतात. म्हणून आगीची घंटा वाजताच किंवा वीज जाताच ही विद्युतचुंबकी कुलुपे आपोआप सुटलीच पाहिजेत. शिवाय दाराशेजारी हाताने कुलूप सोडवण्याचे बटण असावे आणि ते कोठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असावे. जिन्याचे अग्निरोधक दार धूर अडवण्यासाठी मिटलेले असावे, पण त्याला कडी किंवा कुलूप असता कामा नये. जिन्यात जुन्या खुर्च्या, संगणकांची खोकी आणि कागदांचे गठ्ठे रचून ठेवणे हा तर सरळसरळ जिवाशी खेळ आहे.

महाराष्ट्रात यासंबंधी ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा कायदा आहे. इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा ती जागा वापरणाऱ्यावर आहे. ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा सादर करावे लागते. भाड्याने घेतलेल्या मजल्यावरील कंपनीने ‘ते इमारतवाल्यांचे काम’ म्हणून हात झटकणे म्हणूनच योग्य नव्हे.

घंटा वाजल्यावर

आगीची घंटा वाजल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे सर्वांत मोलाची असतात आणि बहुधा तीच वाया जातात. कोणी चालू काम साठवू लागतो, कोणी लॅपटॉप पिशवीत भरतो, तर कोणी ही नेहमीची चाचणी असेल म्हणून जागचा हलत नाही. योग्य क्रम साधा आहे. काम जेथल्या तेथे सोडावे, जवळच्या जिन्याने उतरावे आणि लिफ्ट वापरू नये. धूर असेल तर वाकून किंवा रांगत जावे, कारण जमिनीलगतची हवा तुलनेने स्वच्छ असते. दार उघडण्यापूर्वी त्याला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहावा. ते गरम लागले तर दुसरा मार्ग धरावा.

प्रत्येक मजल्यावर नेमलेला कर्मचारी, ज्याला बहुतेक कंपन्यांत फ्लोअर वॉर्डन म्हणतात, प्रसाधनगृहे आणि बैठकीच्या खोल्या तपासून सर्वांत शेवटी बाहेर पडतो. गरोदर स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले कर्मचारी यांच्या मदतीला कोण जाणार, हे आधीच ठरलेले असावे. २४ मीटरपेक्षा उंच इमारतींत आश्रयासाठी मोकळा भाग राखून ठेवलेला असतो; ज्यांना जिना उतरणे शक्य नाही त्यांना तेथे नेता येते. खाली ठरलेल्या जागी जमल्यावर शिरगणती होते. या गणतीत सफाई कामगार, उपाहारगृहातील पोरे, सुरक्षारक्षक आणि पाहुणे यांना अनेकदा वगळले जाते, कारण त्यांची नावे कंपनीच्या पटावर नसतात. प्रवेशद्वारावरील नोंदवही सोबत घेऊन येणे हे यासाठीच महत्त्वाचे आहे.

सर्व्हरची खोली

संगणकांवर आणि विजेच्या उपकरणांवर पाणी मारणे धोक्याचे असते. अशा आगीवर कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरतात. सर्व्हर कक्षात मात्र संपूर्ण खोली वायूने भरून टाकणारी यंत्रणा असते. पूर्वी हॅलॉन हा वायू वापरात होता. ओझोनच्या थराला तो मारक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याचे उत्पादन थांबवण्यात आले आणि त्याची जागा इतर वायूंनी घेतली. यापैकी कार्बन डायऑक्साइड विशेष घातक आहे. बंद खोलीतील आग विझवण्यासाठी हवेतील त्याचे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर न्यावे लागते, तर १० टक्क्यांच्या पुढेच माणूस शुद्ध हरपू शकतो. वायू सुटण्यापूर्वी इशारा वाजतो तो माणसांनी बाहेर पडावे म्हणून. वायू सोडल्यानंतर खोली हवेशीर केल्याशिवाय कोणीही, अगदी सहकाऱ्याला वाचवण्यासाठीही, श्वसनयंत्राशिवाय आत जाऊ नये.

यू.पी.एस.च्या बॅटऱ्या हा दुसरा धोका. शिशाच्या बॅटऱ्या भारित होताना हायड्रोजन सोडतात आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरी कक्षात हवा खेळती हवी. लिथियम-आयन बॅटरीत एक घट तापला की शेजारचे घट पेटत जातात आणि विझलेली आग पुन्हा भडकते. दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी अशाच बॅटऱ्या हलवताना आग लागली. सहाशेहून अधिक शासकीय संगणकप्रणाली बंद पडल्या. शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटचा साठाही नष्ट झाला. त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली नव्हती. माहितीची प्रत वेगळ्या शहरात असली की कोणालाही जळत्या इमारतीत धाव घेण्याचा मोह होत नाही. या अर्थाने ‘बॅकअप’ हादेखील जीवसुरक्षेचाच भाग आहे.

रात्रपाळी आणि प्रवास

परदेशी ग्राहकांच्या वेळा सांभाळण्यासाठी रात्री काम करणे या क्षेत्राच्या अंगवळणी पडले आहे. १ नोव्हेंबर २००७ रोजी पुण्यात रात्रपाळीसाठी निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाने साथीदारासह अत्याचार करून तिची हत्या केली. बंगळूरमध्येही डिसेंबर २००५ मध्ये असाच प्रकार घडला होता. कर्मचाऱ्याची सुरक्षितता कार्यालयाच्या दारापाशी संपत नाही, हे या घटनांनी अधोरेखित केले. चालकाची पोलिसांकडून पडताळणी, गाडीचा मागोवा घेणारी यंत्रणा, स्त्री कर्मचारी एकटी असल्यास सोबत रक्षक आणि ती घरात पोहोचल्याची खातरजमा या गोष्टी म्हणूनच आवश्यक आहेत. आयत्या वेळी बदललेला चालक किंवा गाडीत बसलेला अनोळखी इसम दिसल्यास गाडीत न बसता आधी कार्यालयाला कळवावे.

रात्रपाळीचा शरीरावरील परिणामही दुर्लक्षण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीचे काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आणि २०१९ मध्ये तोच निष्कर्ष कायम केला. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

डोळे, मान आणि मनगट

पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा सोपा उपाय आहे. पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. कोपर साधारण काटकोनात, मनगट सरळ आणि पाय जमिनीवर टेकलेले असावेत. लॅपटॉपवर दिवसभर काम करायचे असल्यास तो उंचावर ठेवून कळफलक व माऊस वेगळे जोडावेत. घरी पलंगावर बसून काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. बोटांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होणे ही मनगटातील मज्जातंतू दबल्याची लक्षणे असू शकतात. मलम चोळत बसण्यापेक्षा वेळीच डॉक्टरांना दाखवावे.

हृदयविकार आणि अतिवृष्टी

सहकारी अचानक कोसळला, प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ किंवा ११२ वर संपर्क साधावा आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी दाब देण्यास सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. हृदयाला विद्युतधक्का देणारे स्वयंचलित यंत्र कार्यालयात असेल, तर ते कुलपात न ठेवता दर्शनी जागी असावे.

मुंबईकरांना २६ जुलै २००५ चा दिवस विसरणे शक्य नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि घरी निघालेली असंख्य माणसे रस्त्यात अडकली. पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांत गुदमरून काहींचे प्राण गेले. अशा दिवशी कार्यालयातच थांबणे पुष्कळदा सुरक्षित असते. त्यासाठी पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ आणि प्रथमोपचाराचे साहित्य तयार असावे, आणि थांबा किंवा निघा हा निर्णय कोण घेणार हेही ठरलेले असावे.

कर्मचाऱ्याचा अधिकार

‘व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०’ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिने कारखाने अधिनियमाची जागा घेतली आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू होते. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा आणि गंभीर धोका दिसल्यास तो मालकाच्या नजरेस आणून देण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला आहे.

तो अधिकार वापरायला फार खटाटोप लागत नाही. आपल्या जागेपासून दोन जिने कोणते, ते मोकळे आहेत का, मजल्याचा वॉर्डन कोण, शेवटची कवायत कधी झाली आणि तेव्हा दारांची कुलुपे खरोखर सुटली का, एवढे प्रश्न विचारले तरी पुरे. त्यांची उत्तरे मिळाली नाहीत, तर ती लेखी मागावीत.