दोनदा भाजलेला शब्द

आज आपण रायपूरच्या सदर बाजारातून निघू आणि चहाच्या बशीपर्यंत जाऊ.

'सदर' हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ छाती. त्यावरून पुढचे, मुख्य. म्हणून वाड्याची सदर आणि गावाचा सदर बाजार, म्हणजे मुख्य पेठ. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगडात पोहोचली आणि तिच्याबरोबर मराठी घरेही. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, घरे राहिली. त्या घरांत मराठी बोलतात 'टोस' आणि बाजारात हिंदीत मागतात 'टोस्ट'. वस्तू तीच: पाव भाजायचा, काप करायचे, पुन्हा भाजायचे. दुसऱ्या भाजणीत ओलावा जातो, म्हणून बुरशी लागत नाही आणि तो टिकतो. लांबच्या सफरीवर निघणारे खलाशी हीच शिदोरी नेत.

या कृतीचेच नाव 'बिस्किट'. लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कोक्तुस' म्हणजे शिजवलेले, भाजलेले. त्यावरून फ्रेंचमध्ये 'बिस्क्वी' आणि तिथून इंग्रजीत बिस्किट. जर्मनांनी हाच अर्थ आपल्या शब्दांत मांडला: 'त्स्वीबाक', म्हणजे दोनदा भाजलेले. आजची बहुतेक बिस्किटे एकदाच भाजतात. नाव मात्र जुन्या कृतीचे राहिले.

आता गंमत पाहा. लॅटिन 'बिस' आणि संस्कृत 'द्विस्' ही सख्खी भावंडे. 'कोक्तुस' आणि 'पक्व' हेही एकाच मुळाचे. आपले पिकणे, पाक, पक्वान्न त्याच कुळातले. म्हणजे बिस्किट हा शब्द अक्षरशः 'द्विःपक्व' आहे! टोसचेही तसेच. लॅटिन 'तोर्रेरे' म्हणजे सुकवणे, भाजणे. त्याचे मूळ आणि 'तृष्णा'चे मूळ एक, आणि तृष्णेवरून प्राकृतमार्गे आपली 'तहान' आली. टोस चहा का पितो, ते कळले ना?

पण याच खाण्याने एकदा पुणे पेटवले होते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. न्या. रानडे आणि लोकमान्य टिळक त्या मंडळींत होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी हजर असणाऱ्यांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, बहिष्काराची टांगती तलवार आली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवून दिले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांचेच सुधारक मित्र त्यांच्यावर रुष्ट झाले. आज हे हसण्यावारी जाते. पण वाळीत पडलेल्या घरात मुलींची लग्ने अडत, श्राद्धाला भटजी मिळत नसे. एका घोटाची किंमत अख्खे घर मोजत असे.

वाद बिस्किटाच्या पिठाचा नव्हताच. ते कोणाच्या हातून आले, याचा होता. परके म्हणून ज्याला दूर लोटले, त्याच्या नावात आपलेच 'पक्व' दडले होते. शब्दांना सोवळे कधी जमलेच नाही. ते बाजारातून, बंदरातून, शेजारणीच्या स्वयंपाकघरातून येतात आणि घरचे होतात. रायपूरच्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. तो दिवसातून दहा वेळा भाषा बदलतो आणि संध्याकाळी टोस मात्र चहातच बुडवतो.

भेटू पुढच्या भागात, नव्या शब्दासह.