हिशेबतपासनिसाचें दुसरें पत्र

कंपनीचे हिशेब तपासून झाल्यावर तपासनीस पुष्कळदां दोन कागद लिहितो. पहिला भागधारकांसाठीं, तो सभेपुढें वाचला जातो. दुसरा केवळ चालकांसाठीं. त्यांत कारभारांतील उणिवा मोकळेपणानें दाखविलेल्या असतात. या दुसऱ्या पत्राचें मोल किती आणि मर्यादा कोणती, याचा निवाडा लंडनमधील एका खटल्यानें केला.

‘लंडन अँड जनरल बँक’ ही जाबेझ बाल्फर याच्या कंपन्यांच्या जाळ्यांतील पेढी होती. तिचा बहुतेक पैसा त्याच जाळ्यांतील कंपन्यांकडे व कांहीं खास गिऱ्हाइकांकडे गुंतलेला असून तारण अपुरें होतें. १८९२ च्या आरंभीं तपासनीस थिओबाल्ड यानें चालकांना सविस्तर अहवाल लिहून ही स्थिति उघड केली. यंदा लाभांश वांटूं नये, असेंही त्यानें लिहिलें होतें. परंतु बाल्फरच्या आग्रहावरून तें वाक्य गाळलें गेलें. भागधारकांना मात्र इतकेंच कळलें कीं, मालमत्तेची किंमत वसुलीवर अवलंबून आहे. लाभांश वांटला गेला आणि त्याच वर्षीं पेढी बुडाली.

१८९५ सालीं अपील-न्यायालयानें त्या लाभांशाच्या भरपाईची जबाबदारी थिओबाल्डवर टाकली. चालकांच्या कानीं घातलें म्हणजे भागधारकांविषयींचें कर्तव्य फिटत नाहीं; नुसता संशय उत्पन्न करणें म्हणजे माहिती देणें नव्हे, असें ठरलें. उलट १८९६ सालच्या ‘किंग्स्टन कॉटन मिल’ खटल्यांत व्यवस्थापकानें मालाची किंमत वर्षानुवर्षें फुगविली असतांही तपासनीस दोषमुक्त ठरला. कारण तो राखणदार आहे, गुन्ह्याचा माग काढणारा नव्हे.

खासगी कंपनींत परिस्थिति निराळी असते. अशा कंपनीस इंग्लंडांत १९०७ च्या व हिंदुस्थानांत १९१३ च्या कायद्यानें स्थान मिळालें. तेथें भागधारक व चालक हीं बहुधा एकाच कुटुंबांतील माणसें असतात. म्हणून पत्र वाचणाराच नुकसान सोसणारा असतो. रोकड सांभाळणारा आणि कीर्द लिहिणारा एकच आहे, गोदामांतील माल मोजला गेला नाहीं, जुनीं येणीं तशींच पडलीं आहेत, अशा सूचना त्याला वेळींच सावध करतात. भारतांत १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या लेखापरीक्षण-मानक २६५ प्रमाणें तपासणींत आढळलेल्या महत्त्वाच्या उणिवा लेखी कळविणें हें तपासनिसाचें कर्तव्यच ठरलें आहे.

तथापि पत्र लिहिल्यानें दोष नाहींसा होत नाहीं. थिओबाल्डनें चालकांपुढें सत्य मांडलें होतें. त्यावर कृति करण्याची इच्छा मात्र तेथें कोणासच नव्हती. तें पत्र उघडून वाचणारा आणि त्याप्रमाणें कारभार सुधारणारा धनी भेटला, तरच तपासनिसाचे श्रम सार्थकीं लागतात.