शिडाची होडी आणि आपले सागवान

वाचकहो, लोहाऱ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. शिडाची होडी आपल्यापैकी पुष्कळांनी चित्रातच पाहिली असेल. तरीही तिचा इतिहास आपल्याला परका नाही. होडीचे पहिले साहित्य म्हणजे लाकूड, आणि यवतमाळ जिल्ह्याच्या रानांत साग उभा आहे. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. ते पाण्यात लवकर कुजत नाही, उन्हात फारसे आकसत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही गंजून जात नाही. म्हणून जहाजबांधणीत त्याला मोठा मान मिळाला.

कोकणातील सुतार लहान होडी घराच्या अंगणात किंवा किनाऱ्यावरच्या झापांच्या मांडवात बांधीत. प्रथम तळाचा लांब कणा, मग पुढची नाळ व मागचा खांब, मग फासळ्या आणि फळ्या. सांध्यांत कापूस ठासून राळ व तेल भरावयाचे. शेवटी डोलकाठी, शीड आणि सुकाणू. कागदावर नकाशा नसे. माप हाताचे आणि नजर वडिलांकडून मिळालेली.

ही लहान होडी किती कामाची, हे १६७९ साली खांदेरी बेटाजवळ दिसले. शिवाजी महाराजांचे सैनिक तेथे किल्ला बांधीत होते आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांनी बेटाला वेढा घातला होता. मराठी आरमाराच्या हलक्या, वल्ह्यांनीही चालणाऱ्या होड्या रात्री उथळ पाण्यातून निसटून रसद पोचवीत. मायनाक भंडारी व दौलतखान हे या मोहिमेतील प्रमुख सरदार. अखेर किल्ला उभा राहिला. एकाच दर्यावर निरनिराळ्या समाजांची माणसे एका कामासाठी झटली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

परंतु याच आरमाराच्या आरंभीचा दुसरा प्रसंगही बोलका आहे. कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधण्यासाठी रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराला कामावर घेतले होते. १६५९ च्या सुमारास तो आपल्या माणसांसह काम सोडून निघून गेला. दुसऱ्याच्या हातातील विद्या दुसऱ्याबरोबरच जाते! पुढे आरमार वाढले ते येथल्याच हातांच्या बळावर.

१७३६ साली सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाचे ‘ट्रिंकोमाली’ हे इंग्रजी युद्धजहाज मुंबईत बांधले गेले व १८१७ साली पाण्यात उतरले. त्याचे नकाशे इंग्लंडहून येताना १८१२ साली वाटेतच नष्ट झाले होते. दुसरी प्रत येईपर्यंत काम खोळंबले. ते जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे.

येथे एक विचार सुचतो. नकाशा हरवला तर दुसरी प्रत मागवता येते. पण ज्या सुताराची विद्या केवळ हातात होती, त्याचा मुलगा दुसऱ्या धंद्यास लागला तर प्रत कोठून आणावयाची?

याचे उत्तर आपल्या अजिंठ्याने दिले. तेथील दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे. त्या चित्रावरून गोव्यात एक शिडाचे जहाज बांधण्यात आले. खिळ्यांऐवजी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हे शिवणकाम केले, तर मद्रासच्या आयआयटीत जहाजाच्या प्रतिकृतीची पाण्यात चाचणी झाली. २१ मे २०२५ रोजी ‘कौंडिण्य’ या नावाने ते कारवार येथे नौदलात दाखल झाले. चित्रकाराची नोंद, कारागिराचा हात आणि अभियंत्याचे गणित ही तिन्ही एकत्र आली, तेव्हा हरवलेली वस्तू पुन्हा पाण्यावर तरंगली.

वाचकहो, आपल्याही गावात सुतार, लोहार, विणकर आहेत. त्यांची मुले आपल्या शाळांत शिकतात. वडिलांच्या हत्यारांची त्यांना लाज वाटावी, असे शिक्षण आपण देऊ नये. मुलांनी घरी जाऊन विचारावे, वहीत आकृती काढावी, हत्यारांची व लाकडाच्या जोडांची नावे लिहून ठेवावीत. शाळेच्या कपाटातील अशी एक वही उद्या कोणाला अजिंठ्याच्या भिंतीसारखी उपयोगी पडेल. विद्या हातात असो वा पुस्तकात, ती पुढच्या पिढीस पोचविणे हेच शिक्षणसंस्थेचे खरे काम होय.