होडीच्या पाठीवरचे ओझे

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सरोवरांची वाण नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी, उन्हाळ्यातील एके दिवशी, ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला एक यंत्रकार आपल्या प्रिय बेससाठी सरोवराच्या पैलतीरावरून आइस्क्रीम आणावयास निघाला. वल्ही मारमारून तो परतला, तोवर आइस्क्रीमचे पाणी झाले होते. ही कथा सांगता सांगता थोडी रंगलीही असेल. परंतु १९०९ साली एव्हिनरूडने होडीच्या मागील फळीस अडकवावयाचे एंजिन विक्रीस काढले, हा मात्र इतिहास आहे. त्याची शक्ती दीड अश्वशक्ती, आणि वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो होते.

एका माणसाला उचलून नेता यावे, हीच या यंत्राची पहिली अट. शिवाय मागचा भार वाढला की होडीचा पार्श्वभाग पाण्यात दबतो, नाळ वर उचलली जाते आणि वेग मंदावतो. या अटीत टू-स्ट्रोक एंजिन चपखल बसले. त्यात दट्ट्याच्या प्रत्येक ये-जेगणिक एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये दोन ये-जांतून एक. झडपा आणि त्या उघडणारा दंड यांचीही टू-स्ट्रोकला गरज नाही. थोड्या वजनात भरपूर शक्ती मिळाली.

पण या हलकेपणाची किंमत कोणी दिली? ती पाण्याने दिली. जळलेला धूर बाहेर ढकलण्याचे काम आत येणारे ताजे मिश्रणच करी आणि त्यातील काही भाग, कित्येकदा चौथा हिस्सा, न जळताच धुराबरोबर निसटे. इंधनात कालवलेले तेलही त्याच वाटेने पाण्यात जाई. धूर पाण्याखाली सोडला जात असल्याने हा अपव्यय कोणाच्या डोळ्यांवर येत नसे.

फोर-स्ट्रोकचे तत्त्व काही नवे नव्हते. जर्मनीत ऑटोने ते १८७६ सालीच सिद्ध केले होते. जपानच्या होंडा कंपनीने १९६४ मध्ये असे एंजिन होडीसाठी आणलेही. पाण्यावर चालणाऱ्याने पाणी नासवू नये, ही त्यामागील सोइचिरो होंडांची भूमिका. तरीही बाजार दीर्घकाळ हलक्या यंत्राकडेच झुकलेला राहिला.

मग कायद्याने हिशेब मागितला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ साली नियम केला की, नव्या एंजिनांतून बाहेर पडणारी हायड्रोकार्बने २००६ पर्यंत तीन-चतुर्थांशाने घटली पाहिजेत. टू-स्ट्रोकवाल्यांनी इंधन थेट सिलिंडरात फवारण्याची युक्ती काढली, आणि ती यशस्वीही झाली. पण बहुतेक कारखाने फोर-स्ट्रोककडे वळले. २००४ साली मर्क्युरी कंपनीचे व्हेरॅडो आले. त्याच्या सहा सिलिंडरी २२५ अश्वशक्तीच्या एंजिनाचे वजन होते सुमारे २८८ किलो. जुन्या होडीच्या मालकाने कपाळाला आठ्या घालाव्यात, असेच हे ओझे! पण त्याच कंपनीने २०१८ मध्ये तेवढ्याच शक्तीचे एंजिन सुमारे २१५ किलोंवर आणले. जे वजन इतकी वर्षे अपरिहार्य वाटत होते, ते चौदा वर्षांत ७३ किलोंनी उतरले.

विश्वासार्हतेची कथाही याच धर्तीची. फोर-स्ट्रोकमधील तेल तळाशी वेगळे राहून फिरत्या भागांना वंगण पुरविते. त्यामुळे दर वेळी पेट्रोलात तेल मिसळण्याची यातायात संपली, आणि एंजिन संथ चालतानाही धुरकट होईना. मात्र तेल वेळेवर बदलले पाहिजे, खाऱ्या पाण्यातून परतल्यावर आतील मार्ग गोड्या पाण्याने धुतले पाहिजेत. यंत्र भरवशाचे झाले, ते निगा राखणाऱ्यासाठी. हेळसांड करणाऱ्यासाठी नव्हे.

एव्हिनरूडचे नाव मिरविणारी एंजिने बनविणे २०२० साली थांबले. ती अखेरपर्यंत मुख्यत्वे टू-स्ट्रोक होती. परंतु त्याने घातलेली अट, यंत्र हलके असावे ही, आजही प्रत्येक कारखान्यास बांधते. फरक इतकाच की, पूर्वी होडीच्या पाठीवरचे ओझे गुपचूप सरोवराच्या पाठीवर टाकले जाई. आज ते कमी करण्याचे काम यंत्रकाराच्या बुद्धीला करावे लागते. आणि ते तिला साधते, हे सिद्ध झाले आहे.