पालखी कुठवर आली?

लिंटर म्हणजे कोडमधल्या संशयास्पद जागा शोधणारा प्रोग्रॅम. काही लिंटर चालू असताना पडद्यावर टिंबं उमटत जातात. त्या टिंबांचं मूळ शोधायला निघालं की आधी गाठ पडते ती मौनाशी. १९७८ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ लिहिलं. सी भाषेतल्या संशयास्पद जागा दाखवायच्या, काही सापडलं नाही तर गप्प बसायचं. युनिक्सच्या घराण्याचा हा शिरस्ताच होता. मॉडेल ३३ टेलिटाइपवर सेकंदाला जेमतेम १० अक्षरं खडखडत कागदावर छापली जायची. वाचाळ प्रोग्रॅम कुणाला परवडणार?

प्रगतीची पट्टी त्या कागदावर शक्यच नव्हती. ‘कॅरेज रिटर्न’ दिला की यंत्र ओळीच्या सुरुवातीला परतायचं, पण आधीचं छापलेलं पुसणार कसं? पडदे आले आणि त्याच जुन्या खुणेनं तीच ओळ पुन्हापुन्हा लिहिता येऊ लागली. आजही टर्मिनलवरच्या बऱ्याच पट्ट्या त्याच खुणेवर सरकतात. १९८५ मध्ये ब्रॅड मायर्स यांनी प्रयोग करून दाखवलं की, काम किती टक्के झालं हे दिसलेलं लोकांना आवडतं.

लिंटरची अडचण अशी की त्याला खरे टक्के ठाऊकच नसतात. फायली मोजता येतात, पण एक फाइल वीस ओळींची, दुसरी यंत्रानं तयार केलेली दहा हजारांची. मग पट्टी नव्व्याण्णववर अडून बसते. त्यापेक्षा पालखीची रीत बरी. ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला जाताना दिघीतून जाते. रस्त्याच्या कडेला उभ्या माणसानं ‘कुठवर आली?’ विचारलं, तर ‘थोरल्या पादुकांपाशी’ एवढं उत्तर पुरतं. टक्के कुणी मागत नाही.

टिंब हे तसंच उत्तर. ते आलं सॉफ्टवेअरच्या चाचण्यांच्या घरातून: केंट बेक आणि एरिक गामा यांचं जेयुनिट दर चाचणीला एक टिंब छापायचं. २०१२ मध्ये सुरू झालेलं रूबी भाषेचं लिंटर रूबोकॉपही हीच रीत पाळतं. फाइल स्वच्छ असेल तर टिंब. खोट असेल तर त्याच जागी सी, डब्ल्यू, ई किंवा एफ, दोषाच्या प्रतीप्रमाणे. काम चालू आहे आणि निकाल काय, दोन्ही एकाच अक्षरात! माझ्या मते कुठल्याही रंगीत पट्टीपेक्षा ही युक्ती सरस. जावास्क्रिप्टचं लिंटर ईएसलिंट मात्र जुन्या वळणाचं. दोष नसेल तर अवाक्षर काढत नाही.

हे सगळं पडद्यासमोर माणूस असताना ठीक. चाकणच्या पट्ट्यात गाड्या बनतात, आणि गाडीतल्या नियंत्रकांचा कोड बहुतेक सीमध्येच असतो. त्यासाठीची ‘मिस्रा सी’ नियमावली १९९८ मध्ये आली, १२७ नियमांची. असली तपासणी अनेकदा रात्री सर्व्हरवर, पडद्यासमोर कुणी नसताना होते. तिथे सरकती पट्टी लॉगमध्ये नुसता कचरा साठवते. म्हणून शहाणी साधनं आधी पाहतात, पलीकडे टर्मिनल आहे की फाइल. फाइल असेल तर फक्त दोष लिहितात.